तिसरी शांतता

१

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे, एक खोली होती आणि त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली. आतली खोली म्हणजे जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी पेटीच. भिंतींना हातभर जाडीचा स्पंज, दार ढकलायला दोन्ही हात लागतील इतकं जड, आणि समोर दुहेरी काच. तिथे माणसांचे कान तपासले जात. तपासणाऱ्या बाईंना पदवी होती, हुद्दा होता, दारावर पाटी होती. पण सगळा दवाखाना त्यांना कानवाल्या बाई म्हणे. बाईंनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. "नाकवाल्या म्हणत नाहीत हे काय कमी आहे," असं त्या म्हणायच्या.

काम तसं साधं. पेशंट आत खुर्चीवर, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. बाई काचेबाहेर यंत्रापुढे. बाई बारीकसा आवाज सोडणार, पेशंटला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, बाहेर हिरवा दिवा लागायचा. आधी उजवा कान, मग डावा. "आवाज कितीही बारीक असू दे, नुसती शंका आली तरी दाबा," हे वाक्य बाई अकरा वर्षं रोज पंचवीस-तीसदा म्हणत आल्या होत्या.

पण माणूस पक्का लबाड. परीक्षा म्हटली की त्याला पास व्हायचंच असतं, मग ती कानाची का असेना. काहीजण आवाज नसतानाही अंदाजपंचे बटण दाबत सुटतात. त्यांना पकडायला म्हणून बाई प्रत्येक तपासणीत तीनदा नुसत्या गप्प बसत. पहिली शांतता उजव्या कानाच्या मध्यात, दुसरी उजवा कान संपता संपता, आणि तिसरी कान बदलताना, डाव्या कानाचा पहिला आवाज सोडण्याआधी. दहा-दहा सेकंद. त्यात दिवा लागला की समजायचं, स्वारी थापा मारतेय.

या थापाड्यांची बाईंनी एक वही ठेवली होती. कोणी सांगितलं म्हणून नाही, हौस म्हणून. अकरा वर्षांच्या रेघा मोजून त्यांना कळलं होतं की शंभरात सहाजण शांततेत बटण दाबतात, आणि ते तिन्ही शांततांत सारखेच विखुरलेले असतात. सोमवारी सकाळी नोंदणीच्या खिडकीतल्या बाईला त्या सांगत, "आज तेहतीसजण आहेत ना? दोघं थापाडे निघणार." आणि दोघं निघत. खिडकीतली बाई हात जोडायची. बाई म्हणत, "सिद्धीबिद्धी काही नाही गं. काय झालं ते नीट मोजलं की काय होणार ते आपोआप कळतं. फक्त मोजताना कंटाळायचं नाही."

तर अशा या न कंटाळणाऱ्या बाईंच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती वहीतच आली. गेल्या पाच महिन्यांत थापाडे फार कमी झाले होते. फक्त बारा. आणि बाराच्या बारा रेघा तिसऱ्या शांततेच्या रकान्यात होत्या. पहिली कोरी, दुसरी कोरी.

२

पहिल्यांदा त्यांनी यंत्रावर संशय घेतला. तंत्रज्ञ आला, वायर तपासल्या, बटण बदललं, चहा पिऊन गेला. मग त्यांनी स्वतःवर संशय घेतला. कान बदलताना आपला हात हलतो, काचेतून पेशंटला ते दिसतं, त्याला वाटतं आता आवाज येणार, म्हणून तो दाबतो. हे पटण्यासारखं होतं. बाईंनी काचेला पडदा लावला. तेरावी रेघ तरीही तिसऱ्याच रकान्यात पडली, आणि ती बाईंच्या वडिलांची होती.

बाबा एका बॉयलरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं घण मारून निवृत्त झाले होते. कान तिथेच ठेवून आले होते म्हणा ना. घरात दोघंच, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाईंनी लग्न केलं नव्हतं. मुलगी कानांची तज्ज्ञ आणि बाप ठार बहिरा, यावर शेजारीपाजारी यथेच्छ हसत. पण बाबा तपासायला यायचं नाव काढत नसत. "माझं ऐकायचं ते सगळं ऐकून झालंय," म्हणत. शेवटी बाईंनी एक दिवस त्यांना अक्षरशः दंडाला धरून आणलं, पेटीत बसवलं, कानाशी ओरडून सांगितलं, "शंका आली तरी दाबा."

उजवा कान संपला. बाईंनी पडदा जरा बाजूला केला. तिसरी शांतता सुरू झाली आणि सहाव्या सेकंदाला दिवा लागला. नेहमी माणसं बटण टचकन दाबून सोडतात. हा दिवा लागला तो लागूनच राहिला, चार सेकंद. आणि बाबांनी मान वळवून डाव्या हाताला मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे स्पंजाशिवाय काही नव्हतं.

बाहेर आल्यावर बाबांचा चेहरा उजळला होता. "अगं ठमे, आज किती वर्षांनी तुझा आवाज ऐकला," ते म्हणाले. लहानपणापासून ते तिला ठमीच म्हणत. "बाबा अशी हाक मारलीस ना मघाशी? अगदी स्वच्छ."

"मी नाही मारली."

"मारलीस गं. मी ओ पण दिली. बटण दाबलं की."

बाईंना भरून आलं. म्हाताऱ्याला इतकी आस आहे आपल्या आवाजाची, आणि आपण इतकी वर्षं त्याच्या मागे लागलो नाही याची लाजही वाटली. त्यांनी लगेच दोन्ही कानांची मशीनं मागवली. वहीत रेघ मात्र ओढली, कारण नियम तो नियम.

दुसऱ्या दिवशी पेशंट नसताना त्यांनी आवाज मोजायचं मीटर रिकाम्या पेटीत खुर्चीवर ठेवलं आणि बाहेरून आख्खी तपासणी चालवली. समजा पेटीत कुठून तरी आवाज झिरपत असेल तर तिसऱ्या शांततेत आकडा चढायला हवा. आकडा चढला नाही. उतरला. पंखा, दिवे, इमारत यांची जी काही बारीक कुजबूज त्या पेटीतही असायची, तीसुद्धा चार सेकंद कुणीतरी पुसून टाकावी तशी नाहीशी झाली, आणि मग परत आली. बाईंनी हे नऊ वेळा करून पाहिलं. नऊही वेळा तेच झालं. त्या काचेबाहेरच्या आपल्या खुर्चीवर मागे टेकून बसल्या आणि त्यांनी स्वतःला सांगितलं की मीटर जुनं आहे.

३

वडिलांची मशीनं सहाव्या दिवशी आली. ती ठेवायला नोंदणीवाल्या बाईने कपाट उघडलं आणि कुरकुर केली. "तुमचे पेशंट मागणी नोंदवून जातात आणि फिरकतच नाहीत. हे बघा, दहा डबे पडलेत. मी काय यांचं लोणचं घालू?"

बाईंनी दहा डब्यांवरची नावं पाहिली. मग खाली जाऊन वही आणली. दहाही नावं तिसऱ्या रकान्यातली होती.

आता हा योगायोग, असं म्हणून कपाट लावून घेणारी माणसं सुखी असतात. बाई त्या जातकुळीतल्या नव्हत्या. त्यांनी टेलिफोन घेतला आणि दुपारभर एकेका घरी फोन लावला.

"सासरे ना? गेले हो ते," एक सून म्हणाली. "म्हणजे वारले नाहीत. गेले. पेपर वाचत बसले होते, एकदम 'आलो आलो' म्हणाले आणि उठून चालायला लागले. मला वाटलं दारात कोणी आलं असेल. चपला इथेच आहेत."

दुसऱ्या घरी म्हातारी भाजी निवडता निवडता उठली होती. तिसऱ्या घरी एका शिक्षकाने तोंडाला साबण लावलेला होता, अर्धी दाढी तशीच. सगळी उतारवयाची माणसं, त्यात ऐकू कमी; घरच्यांनी विसराळूपणाला बोल लावला, तक्रारी दिल्या, वाट पाहिली. प्रत्येक घराला वाटत होतं की हे आपल्याच घरी घडलं. दहा घरं एकत्र मोजणारं कुणी नव्हतं. ती मोजणी आता बाईंच्या पुढ्यात होती.

बारातले दहा. एकजण तपासणीच्या दिवशीच दुपारी गेला होता, सगळ्यात उशिरा गेलेली व्यक्ती एकविसाव्या दिवशी. त्यापुढे कोणी नाही. सहातले पाच, असं त्यांनी कागदावर लिहिलं, आणि तेरावं नाव बाबांचं आहे हे लिहायची गरज नव्हती. बाबांचा तो सहावा दिवस होता.

त्यांनी पुढचा फोन लावला, कारण बारातून दहा गेले की दोन उरतात, आणि त्या दोघांना काय झालं ते कळायला हवं होतं.

४

पहिला उरलेला एक निवृत्त ड्रायव्हर होता. त्याचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता. "हाक आली हो," तो फोनवर म्हणाला. "माझ्या जोडीदाराची, आम्ही दोघं ट्रक चालवायचो. उठताच येईना. पलंगावर तडफडलो नुसता." मग म्हणाला, "जायला हवं होतं. अजून वाईट वाटतं."

दुसरी एक शिंपीण. तिच्याकडे बाई स्वतः गेल्या. दुमजली घराच्या वरच्या खोलीत शिवणयंत्र, कापडाच्या चिंध्या, आणि दोन म्हाताऱ्या बहिणी समोरासमोर.

"ऐकली की हाक," शिंपीण म्हणाली. "दवाखान्यात तुमच्या त्या पेटीत ऐकली, आणि मग इथे आठव्या दिवशी. हिचाच आवाज, त्या दारातून. 'ताई, ये ना गं' म्हणून. पण ही तर इथे बसलेली, सुईत दोरा ओवत. तोंड मिटलेलं. मग मी कशाला उठू?"

"आणि ती समोर नसती तर?"

"तर गेले असते. असा आवाज होता तो." शिंपिणीने बहिणीकडे तिरकं पाहिलं. "शिवाय फार मायेने बोलवत होती. ही जन्मात इतक्या गोड बोललेली नाही. कुजकं बोलते."

"बोलेन नाहीतर काय," बहीण म्हणाली.

बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांच्या मनात विचार स्पष्ट होता. काय आहे, कुठून येतं, हे आपल्याला कळणार नाही, आणि ते शोधत बसायला वेळही नाही. आपल्याला एवढंच माहीत आहे की जो उठतो तो जातो आणि जो उठत नाही तो राहतो. दोनच उदाहरणं, इतक्या तुटपुंज्या नमुन्यावर त्यांनी एरवी कुणाला चहाचं दुकानही काढू दिलं नसतं. नमुना वाढवायचा म्हणजे आणखी माणसं त्या पेटीत बसवायची. पेटीला त्यांनी दुसऱ्या दिवशी बिघाडाची चिठ्ठी लावली, दारावर सील मारलं आणि रजा टाकली.

५

"म्हणजे तू हाक मारलीस तर मी उठायचं नाही?" बाबांनी विचारलं. नवी मशीनं कानात होती, आवाज अजून त्यांना टिनच्या डब्यातून आल्यासारखे वाटत होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"उठायचं नाही. वर बघायचं नाही. 'ओ' द्यायची नाही."

"तुझ्या जन्मापासून तुझ्या हाकेला ओ देत आलोय. आता म्हातारपणी बहिऱ्याचं सोंग करू?"

"सोंग कसलं. आहातच की बहिरे."

बाबा हसले. मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "आणि तुला खरंच माझी गरज पडली तर?"

"तर मी येऊन तुमचा हात धरीन. हात धरला तर मी. नुसता आवाज आला तर मी नाही."

हे ठरलं. पण ठरवणं आणि होणं यात किती अंतर असतं ते बाईंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी बाबांच्या खुर्चीपुढे तिपाई ठेवली, तिच्यावर कागद आणि पेन. दिवसातून पन्नास वेळा, कधी स्वयंपाकघरातून, कधी न्हाणीघरातून, कधी बाहेरच्या जिन्यावरून, त्या "बाबा" अशी हाक मारणार. बाबा हलले तर कागदावर फुली, नाही हलले तर रेघ. मांडायचं बाबांनीच. त्यांना त्यात कारखान्यातल्या पाळीच्या हजेरीची आठवण झाली आणि ते कामाला लागल्यासारखे सावरून बसले.

सरावाच्या पहिल्या दिवशी पन्नासात चौतीस फुल्या. बिचारे कधी अर्धे उठत, कधी नुसती मान वळे, आणि मग ओशाळून फुली मारत. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. बाई हाका बदलत गेल्या. साधी हाक, घाईची हाक, रडवेली हाक. "बाबा, पडले मी" अशीही हाक मारून पाहिली. त्या हाकेला म्हातारा ताडकन उठून दारापर्यंत आला आणि बाईंना धडधाकट उभं पाहून तिथेच भिंतीला टेकला.

"ही नको गं मारूस," तो म्हणाला.

"हीच मारणार," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी ती हाक आणखी अकरा वेळा मारली.

घराला कुलूप होतं आणि किल्ली बाईंच्या खिशात असे. खिडक्यांना गज होते. बाबा झोपले की त्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन त्यांच्या मनगटाला आपल्या ओढणीचा काठ बांधून पडत. पण त्यांचा खरा भरवसा कुलपावर नव्हता, कागदावर होता. तपासणीपासून दहाव्या दिवशी पन्नासात अकरा फुल्या. अकराव्या दिवशी चार. बाबा आता हाक आली की ओठ घट्ट मिटत, नजर कागदावर ठेवत आणि हात तेवढा हलवत.

६

बाराव्या दिवशी दुपारी बाबांनी कान दुखतात म्हणून मशीनं काढून डबीत ठेवली होती. बाई समोर बसून बटाटे सोलत होत्या. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी फळी ठोकत होतं.

ते ठोकणं थांबलं. फ्रिज थांबला. बाईंच्या हातातली सुरी बटाट्यावरून फिरत होती आणि तिचा आवाज येत नव्हता.

बाबांनी मान वर केली. त्यांची नजर बाईंच्या खांद्यावरून पलीकडे दाराकडे गेली, आणि बाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. बाईंना काहीही ऐकू येत नव्हतं. बाबांचं ढुंगण खुर्चीवरून बोटभर सुटलं. बाईंनी त्यांना धरायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात बाबांनी स्वतःहून मान खाली घातली. ओठ मिटले. चाचपडत पेन उचललं आणि कागदावर रेघ ओढली.

फ्रिज पुन्हा सुरू झाला. खाली ठोकणं चालू झालं.

"तूच होतीस," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तू लहान असतानाचा आवाज. शाळेच्या फाटकातून मारायचीस तसा."

"पण उठला नाहीत."

"नाही उठलो." मग म्हणाले, "फार जड गेलं, ठमे."

बाईंनी त्यांना पोटाशी धरलं. पद्धत चालत होती. त्या दिवसापासून एकही फुली पडली नाही. पन्नासात पन्नास रेघा, दुसऱ्या दिवशी पन्नासात पन्नास. बाई आता जिन्यात उभ्या राहून गळा काढून रडल्या तरी आत पेनचा आवाज येई, म्हातारा जागचा हलत नसे. विसाव्या दिवशी त्यांनी सगळे कागद पुढ्यात घेऊन हिशेब केला. सलग साडेचारशे हाका आणि साडेचारशे रेघा. उद्या बाबा उठतील याची शक्यता जवळजवळ नाही. असं भाकीत त्यांनी आयुष्यात इतक्या खात्रीने कधी केलं नव्हतं.

७

एकविसावा दिवस स्वच्छ उन्हाचा होता. संध्याकाळी सहाला बाबांच्या तपासणीला बरोबर एकवीस दिवस पूर्ण होणार होते. बाबा म्हणाले, "सहापर्यंत सगळं नियमाने. शेवटच्या तासाला कारागीर ढिला पडला की बोट जातं." त्यांनी नवा कागद घेतला, पेनचं टोपण काढलं आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले. मशीनं कानात होती.

चार वाजता बाईंनी चहा ठेवला. किती दिवसांनी त्यांना नीट भूक लागली होती. उद्या दवाखान्यात जायचं, ती पेटी मोडून टाका म्हणून अर्ज द्यायचा, कोणी कारण विचारलं तर वहीतली ती बारा नावं आणि हे कागद पुढे टाकायचे. लोक वेडी म्हणतील. म्हणू देत. बाईंनी दोन कप पुसून ठेवले.

"ठमे, अगं जरा इकडे ये."

"आले," बाई म्हणाल्या.

गॅस बारीक केला, हात पुसले आणि त्या बाहेरच्या खोलीत आल्या. बाबा खिडकीशी बसले होते. डोकं कागदावर झुकलेलं, ओठ घट्ट मिटलेले.

"काय हो?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. वर पाहिलं नाही. रेघ ओढली.

"ठमे, ये ना," आवाज म्हणाला. तो दाराबाहेरून, जिन्यावरून येत होता. बाबांचा, पण आत्ताचा घोगरा नव्हे. कारखान्यातून येऊन अंगणातून हाक मारायचे तेव्हाचा, खणखणीत. त्या आवाजाने बाईंच्या छातीत काहीतरी सैल झालं, जणू इतकी वर्षं त्या तो ऐकण्याचीच वाट पाहत होत्या.

बाईंचं डोकं अजून चालत होतं. ते शेवटपर्यंत चाललं. बारा माणसं मोजली, तेरावे बाबा मोजले, बाई विचार करत होत्या, सगळी पेटीच्या आत बसलेली. काचेच्या बाहेर बसून दर तिसऱ्या शांततेत जी कान देऊन वाट पाहत होती, ती बाई कुठल्याच रकान्यात नव्हती. तिला कुणी तपासलं नव्हतं. तिची एकही रेघ नव्हती आणि एकही फुली नव्हती.

आणि तिने 'ओ' दिली होती.

मी उठणार नाही, असं बाईंनी ठरवलं. पण त्या उभ्याच होत्या. खिशातली किल्ली त्यांच्या हातात होती आणि हात कुलपापाशी होता. खोली ओलांडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली, नखं लाकडात रुतेपर्यंत धरली. उजव्या हाताने किल्ली फिरवली. दार उघडलं. जिन्याच्या वळणावर उन्हाचा पट्टा पडला होता, आणि त्यात एक पाठ होती. निळा कामाचा सदरा, खांद्यावर डबा अडकवलेला. ती पाठ एक पायरी उतरली आणि थांबली, मागे येणाऱ्या लहान मुलासाठी थांबावं तशी.

खिडकी बाईंच्या मागे सहा पावलांवर होती. त्या सहा पावलांपैकी एकही त्यांना मागच्या दिशेने टाकता येत नव्हतं.

"बाबा," त्यांनी हाक मारली. मान वळत होती. मान अजून त्यांची होती. "बाबा, मी आहे. माझा हात धरा."

बाबा ऐकत होते. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली, पेन धरलेली बोटं पांढरी पडली.

"बाबा, ही खरी हाक आहे. मला तिकडे येता येत नाहीये. तुम्ही या. एकदाच उठा."

डावा हात चौकटीवरून सुटला. उंबऱ्याबाहेर पहिलं पाऊल पडलं तेव्हा बाईंनी घसा फाटेस्तोवर ओरडून पुन्हा हाक मारली, शाळेच्या फाटकातून मारायच्या तशी.

म्हातारा जागचा हलला नाही. त्याने वरही पाहिलं नाही. किती अवघड हाक होती आणि ती आपण कशी परतवली, या समाधानाने त्याच्या ओठांच्या कडा किंचित वर गेल्या, आणि कागदावर त्याने आणखी एक रेघ ओढली.